दोन खिडक्यांचा कॅमेरा द्यावा का?

शिरपूर तालुक्यातल्या एका बचत गटाचा निरोप आमच्याकडे आला आहे. त्यांच्या गावात वर्षानुवर्षं शाळा सांभाळलेल्या एक बाई होत्या. त्या गेल्यावर घरच्यांनी त्यांचा जुना कॅमेरा गटाला देऊन टाकला. रोल घालायचा, वर 'याशिका इलेक्ट्रो ३५' असं लिहिलेला. तो घेऊन गटातल्या दोघी धुळ्याला दुकानात दाखवायला गेल्या. दुकानदार म्हणाला, "हा रेंजफाइंडर आहे, जुनी पद्धत. हा मला द्या, वर दोन हजार द्या, मी तुम्हाला एसएलआर देतो. खरा फोटोग्राफरचा कॅमेरा." आता गटात दोन तट पडलेत. एकीचं म्हणणं, बाईंची आठवण आहे, द्यायची नाही. दुसरीचं म्हणणं, आठवण कपाटात ठेवून काय करायची, काम होईल ते घ्या. आणि दोन हजार गटाच्या बचतीतून जायचेत, म्हणून सगळ्यांनी मिळून आम्हाला विचारलं.

आधी हे सांगू, की हा गट कॅमेऱ्याचं करतो काय. गावातल्या साठीपुढच्या प्रत्येक बाईचा एक नीट फोटो काढायचा, कागदावर छापून तिच्या हातात द्यायचा, असं त्यांनी ठरवलंय. कारण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हातारी गेली की दहाव्याच्या आधी घरात फोटोची शोधाशोध सुरू होते. कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यातून तिचं तोंड कापून मोठं करतात, नाहीतर आधार कार्डावरचं. मग हार घातलेल्या चौकटीत जी दिसते ती आपली आजी वाटतच नाही. गटाच्या बायका घरोघरी जातात तेव्हा म्हातारी आधी म्हणते, "मना फोटू कसाले वं माय?" आणि दोन मिनिटांनी आत जाऊन नवं लुगडं नेसून येते.

मग मोबाइल का नाही, असं तुम्ही विचाराल. मोबाइलवर काढा की, आम्ही कोण नको म्हणणार? पण मोबाइल पडतो, भरतो, बदलला जातो, आणि त्यातले शेकडो फोटो त्याच्याबरोबर जातात. रोलची निगेटिव्ह पट्टी कोरड्या डब्यात ठेवली तर नातवंडांनाही त्यावरून नवा फोटो काढून घेता येतो. शिवाय रोलमध्ये छत्तीसच फोटो असतात. एकेक बघून काढावा लागतो, आणि समोरच्या म्हातारीलाही कळतं की हे काहीतरी बेतानं चाललंय. खर्च मात्र आहे, तो लपवत नाही. रोल महाग झालेत, आणि धुऊन घ्यायला बहुतेक वेळा मुंबई-पुण्याला पाठवावे लागतात. म्हणून तर कॅमेरा कोणता हा प्रश्न महत्त्वाचा. फुकट गेलेला प्रत्येक फोटो गटाच्या पैशातून गेलेला असतो.

आता दोन्ही कॅमेऱ्यांत फरक काय ते समजून घेऊ. ऐकता ऐकता हाताने करून बघा. उजव्या हाताचा अंगठा नाकासमोर वीतभर अंतरावर धरा. डावा डोळा मिटून अंगठा बघा, मग तो उघडून उजवा मिटा. अंगठा जागचा हलल्यासारखा दिसतो. आता हात लांब करून तेच करा. अंगठा हलतो, पण कमी. समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघून केलंत तर झाड जवळजवळ हलतच नाही. म्हणजे वस्तू जितकी जवळ, तितका दोन डोळ्यांच्या दिसण्यात फरक जास्त. रेंजफाइंडर कॅमेरा याच फरकावरून अंतर ओळखतो. त्याला समोरून दोन खिडक्या असतात, एकमेकींपासून दोन-तीन बोटं लांब. आतल्या छोट्या आरशांनी दोन्ही खिडक्यांतलं दृश्य एकावर एक आणलेलं असतं. तुम्ही डोळा लावला की मध्ये पिवळसर ठिपका दिसतो, आणि त्यात म्हातारीची नथ दोन-दोन दिसते. लेन्सची कडी फिरवत जायची. दोन नथांची एक झाली की अंतर जुळलं, फोटो धूसर येणार नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण बघतो खिडकीतून आणि फोटो येतो लेन्समधून. दाराशेजारच्या खिडकीतून ओटा बघावा तसं. दारातून जे दिसतं तेच खिडकीतून दिसतं, पण अगदी तंतोतंत नाही.

एसएलआर दारातूनच बघायला लावतो. त्यात लेन्सच्या मागे तिरपा आरसा बसवलेला असतो. लेन्समधून आलेलं दृश्य त्या आरशावर आपटून वर जातं, वरच्या टोपीसारख्या भागात काचेचा लोलक असतो, तो ते सरळ करून आपल्या डोळ्यापर्यंत आणतो. लेन्सला जे दिसतं तेच तुम्हाला दिसतं. धूसर असेल तर डोळ्यालाच धूसर दिसतं. बटण दाबलं की आरसा झटकन वर उचलला जातो, पडदा उघडतो, उजेड रोलवर पडतो, आरसा परत खाली. म्हणून एसएलआरचा 'खट्याक' असा आवाज येतो आणि क्षणभर डोळ्यासमोर अंधार होतो.

दुकानदार म्हणतो तसं एक जुनं आणि एक नवं असं काही नाही. दोन्ही पद्धती कित्येक वर्षं शेजारी-शेजारी चालल्या. रशियात तर गंमतच झाली. तिथे झोर्की नावाचा रेंजफाइंडर निघत होता, त्याच्याच अंगात आरसा बसवून १९५२ मध्ये झेनिट नावाचा एसएलआर केला. हे दोन्ही कॅमेरे आपल्याकडेही आले. जुन्या झेनिटचा आरसा एकदा वर गेला की रोल पुढे ओढेपर्यंत खाली येतच नसे, तोवर खिडकी काळीठिक्कर. कुणी फार जुना झेनिट देऊ करत असेल तर हे बघून घ्या. जपानच्या निकॉन कंपनीने १९५९ मध्ये निकॉन एफ काढला, तेव्हापासून बातम्यांचे आणि खेळाचे फोटो काढणारे हळूहळू एसएलआरकडे वळले, कारण त्यांना लांबचं जवळ ओढून घ्यायचं होतं. आपल्याला काय ओढायचंय ते आपण बघायचं.

आणि हे काम बायकांचं नाही असं कुणी म्हणालं तर होमाई व्यारावाला यांचं नाव सांगा. नवसारीत १९१३ साली जन्मल्या, मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या, आणि साडी नेसून खांद्यावर जड कॅमेरा घेऊन त्यांनी दिल्लीत स्वातंत्र्याच्या काळातले फोटो काढले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

दोन डोळ्यांच्या याच करामतीची एक गोष्ट आपल्या भुसावळात संपते, तीही सांगून टाकू. मेजर रॉबर्ट गिल हा मद्रासच्या सैन्यातला अधिकारी. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला त्याला १८४४ मध्ये पाठवलं. वर्षानुवर्षं तो गुहेच्या अंधारात बसून मोठमोठी चित्रं रंगवत राहिला. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला, तोही दोन लेन्सचा. दोन लेन्समधून दोन फोटो निघत, डाव्या डोळ्याचा एक, उजव्या डोळ्याचा एक. ते खास चष्म्यातून बघितले की गुहा खोल दिसत असे. त्याचे हे फोटो १८६४ मध्ये लंडनला पुस्तकांत छापून आले. दोन वर्षांनी, १८६६ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे टांगलेली त्याची बहुतेक रंगवलेली चित्रं जळून गेली. फोटो पुस्तकांतून घरोघरी गेले होते, ते राहिले. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्यावर आणि पारोवर ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' लिहिलं, २०१२ मध्ये त्यावर सिनेमाही आला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. आम्हाला या गोष्टीतलं एवढंच घ्यावंसं वाटतं, की कॅमेरा हाती आला म्हणून गिलने ब्रश टाकून दिला नाही. ज्या कामाला जे लागतं ते त्याने वापरलं.

तर आता गटाच्या कामाकडे येऊ. फोटो कुठे काढायचेत? बहुतेक घरात. आपली धाब्याची घरं, जाड भिंती, लहान झरोके. उन्हाळ्यात गारवा मिळतो पण उजेड कमी. फ्लॅश मारला तर म्हातारी डोळे मिटते आणि तोंड पिठासारखं पांढरं येतं. फ्लॅश नको म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, आणि तेवढा वेळ हात हलता कामा नये. चारशे नंबरचा रोल घातला आणि लेन्स पूर्ण उघडली तरी अशा घरात दाराजवळ साधारण सेकंदाचा तिसावा भाग लागतो. एसएलआरमध्ये आरसा आपटतो त्याचा थोडा हादरा बसतो, म्हणून साध्या लेन्सला साठाव्या भागाच्या खाली हातात धरून काढू नये असं म्हणतात. रेंजफाइंडरला आरसाच नाही. या याशिकात पडदाही लेन्सच्या आतच पाकळ्यांसारखा उघडतो, आवाज टिचकीएवढा. तिसाव्या भागावर तो हातात निभावतो, खांबाला टेकून उभं राहिलं तर पंधराव्यावरही. याच कॅमेऱ्यावर वर एक पिवळा दिवा आहे. बटण अर्धं दाबल्यावर तो लागला की समजायचं, उजेड तिसाव्या भागालाही पुरत नाही, आता खांब शोधा किंवा आजीला दाराकडे सरकवा.

अंधारात अंतर जुळवणंही यालाच सोपं जातं. एसएलआरमध्ये अंधारात सगळंच काळसर दिसतं, धूसर कुठलं आणि नीट कुठलं ते कळत नाही. रेंजफाइंडरची खिडकी उजळ असते, दोन नथांची एक झाली की झाली.

आवाजाचं काय एवढं, असं वाटेल. पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर पहिल्या 'खट्याक'नंतर जो ताठपणा येतो तो पुढचे चार फोटो जात नाही. श्रावणात कानबाईच्या रात्री गाणी चाललेली असतात, समई तेवत असते, तेव्हा तर हाच कॅमेरा हवा. दुसऱ्या दिवशी विसर्जनाची मिरवणूक निघाली, डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाईचा चेहरा गर्दीपलीकडून टिपायचा असेल तर मात्र हा कॅमेरा हात टेकतो. त्याची लेन्स बदलता येत नाही. जितकं दिसतं तितकंच येतं, जवळ जायचं तर पायांनी. एसएलआरला १३५ची लांब लेन्स लावली की चेहरा गर्दीतून उचलून घेता येतो.

दुसरी उणीव जवळच्या कामाची. याशिका इलेक्ट्रो साधारण ऐंशी सेंटिमीटरच्या आत नीट दिसत नाही. तेवढ्या अंतरावर फोटोत जवळजवळ दोन फूट रुंदीचं येतं, म्हणजे डोकं आणि खांदे. म्हातारीच्या फोटोला ते पुरेसं आहे. पण गोधडीचा टाका, हातावरचं गोंदण, जुन्या कागदावरचा अंगठा, हे हवं असेल तर नाही जमत. एसएलआर आपल्या साध्या लेन्सनेही अर्ध्या मीटरपर्यंत जातो, फूटभर रुंदीचं भरून घेतो, आणि जे दिसतं तेच येतं. केळीच्या पानावरचा करपा सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवायचा असेल तर मात्र दोन्हींची गरज नाही, त्याला मोबाइल बेस.

खिडकी आणि दार वेगळं असण्याचा एक तोटा रेंजफाइंडर वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भोवतो. लेन्सवरचं झाकण काढलेलं नसलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. एसएलआरमध्ये लगेच अंधार दिसतो. उपाय सोपा आहे, झाकण कॅमेऱ्याला दोऱ्याने बांधायचं नाही, घरीच ठेवून यायचं.

आता सौद्याकडे. दुकानदार जो एसएलआर देतोय तो याशिका एफएक्स-३ आहे, असं गटाने कळवलंय. कॅमेरा वाईट नाही. तो बॅटरीशिवायही चालतो, छोट्या बटणासारख्या बॅटरीवर फक्त उजेड मोजायचं काम होतं. तुमचा इलेक्ट्रो बॅटरीवर जास्त अवलंबून आहे. ती नसली तर त्याचं शटर एकाच वेगाने, पाचशेव्या भागाने उघडतं, तेवढं उन्हातच चालतं. त्याची मूळ पाऱ्याची बॅटरी आता निघत नाही, पण सहा व्होल्टची साधी बॅटरी आणि एक छोटी नळी घालून काम भागतं. दुकानदाराने "याची बॅटरीच मिळत नाही" असं म्हणून किंमत पाडली असेल तर ते अर्धंच खरं आहे. इलेक्ट्रो ठीक आहे का ते असं बघा: रोल पुढे ओढायचा दांडा फिरवताना आत हलकीशी 'टक' ऐकू यायला हवी. ती येत नसेल तर आतली रबराची चकती झिजलीय, उजेडाचं गणित चुकत जाईल, आणि दुरुस्तीचा खर्च धरावा लागेल.

एफएक्स-३ घ्यायचाच झाला तर दुकानात नुसता हातात घेऊन परत देऊ नका. लेन्स काढायला सांगा, आकाशाकडे धरून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काही दिसलं तर ती बुरशी. पावसाळ्यात पेटीत पडून राहिलेल्या लेन्सला ती लागते. आरशाच्या वरच्या कडेला काळा फोम असतो, बोट लावून बघा, चिकट काजळासारखं बोटाला लागलं तर तो बदलावा लागेल, नाहीतर आरशावर आणि रोलवर कण पडतील. मागचं दार उघडून बटण दाबा, पडदा सगळ्या वेगांना वेगवेगळा उघडतोय का बघा. एक सेकंद लावला तर एक सेकंद मोजता आला पाहिजे. आणि एक रोल काढून, धुऊन, बघून मगच व्यवहार पक्का करायचा, असं आधीच बोलून घ्या. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

किमतीबद्दल एवढंच, की शहरातली तरुण मुलं आता हौसेने रोलचे कॅमेरे शोधत फिरतात, आणि चालू स्थितीतल्या इलेक्ट्रोला गिऱ्हाईक आहे. वर दोन हजार मागणारा दुकानदार तुमच्या कॅमेऱ्याची किंमत जवळजवळ शून्य धरतोय की काय, ते जळगावला दुसऱ्या एखाद्याला विचारून बघा. कॅमेरा गटाचा आहे. कुणी एकीने बदलून आणू नये. बैठकीत ठराव लिहा, कोणता कॅमेरा, त्यावरचा नंबर, काय दिलं, काय घेतलं. बाईंच्या घरच्यांनाही कळवा. दिलेली वस्तू गटाची झाली हे खरं, पण विचारलं तर माणसाला बरं वाटतं.

आमचं मत विचारलंत म्हणून सांगतो: घरातल्या म्हाताऱ्यांचे फोटो हेच काम असेल तर तो कॅमेरा देऊ नका. धाब्याच्या घरात, कमी उजेडात, आवाज न करता, दोन हातांवरून चेहरा काढायला दुकानदाराचा एसएलआर त्याच्यापेक्षा बरा नाही, थोडा कमीच पडेल. ते दोन हजार रोल आणि छपाईवर घाला. साठ म्हाताऱ्या असतील तर एकीला दोन फोटो धरून चार रोल लागतील, त्यातली बरीच तजवीज होईल. उद्या गट कानबाईची मिरवणूक, शाळेच्या स्पर्धा, गोधड्यांचे टाके असं काही करायला निघाला, तर एसएलआर वेगळा घ्या, जुना, साधा, पण बदल्यात नको. ज्यांच्या गटाचं काम पहिल्यापासूनच मिरवणुका आणि जवळचे टाके असं आहे, त्यांनी मात्र बिनधास्त बदलावा. त्यांना रेंजफाइंडर धरून बसण्यात काही अर्थ नाही.

आणि एक. द्यायचा ठरला किंवा नाही ठरला, तरी आधी बघा त्यात रोल आहे का. मागचं दार उघडून बघू नका, उजेड लागला की सगळं जाईल. वर डाव्या बाजूला घडीची छोटी दांडी असते, ती उघडून बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. सैल फिरत राहिली तर आत काही नाही. अडली, तर आत रोल आहे, म्हणजे बाईंनी शेवटी काढलेले फोटो आहेत. मग खालच्या बाजूचं बारीक बटण दाबून ठेवा आणि दांडी फिरवत राहा, एकदम सैल लागेपर्यंत. आता दार उघडा, रोल काळ्या डबीत ठेवा, आणि धुवायला पाठवताना रोल किती जुना आहे ते चिठ्ठीवर लिहा. ब्लॅक अँड व्हाइट असेल तर वीस-तीस वर्षांनंतरही त्यातून चेहरे निघतात.